मिरियम की मेइको? पहिल्या पिढीतला गाणारा आवाज निवडताना

संगणकाकडून गाऊन घ्यायचं, आणि तेही हल्लीच्या गुळगुळीत आवाजाकडून नाही तर पहिल्या पिढीतल्या आवाजाकडून, असं ज्यांच्या मनात आहे त्यांची गाडी बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबते: मिरियम आणि मेइको. दोन्ही २००४ सालचे, दोन्ही यामाहाच्या व्होकॅलॉइड या गाऊन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे, आणि दोन्हींच्या मागे खरीखुरी, नावानिशी माहीत असलेली गायिका. मला दोन्ही आवाज मनापासून आवडतात, पण ते एकाच कामाचे नाहीत. चुकीचा घेतलात तर महिनाभर बटणं फिरवत बसाल आणि हवं ते सापडणार नाही.

आधी यंत्रणेविषयी थोडं. यामाहाने बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर व्होकॅलॉइड उभं केलं. गायिकेला स्टुडिओत बसवून ठरावीक सुरांवर अक्षरांच्या जोड्या गाऊन घ्यायच्या, त्यांचे एका उच्चारातून दुसऱ्या उच्चारात जाणारे छोटे तुकडे कापून साठवायचे, आणि आपण सूर आणि शब्द दिले की संगणकाने ते तुकडे जोडून, हव्या त्या पट्टीत आणून गायचे, अशी ही रीत. जपानीसाठी एका सुरावर असे सुमारे ५०० तुकडे पुरतात, इंग्रजीला सुमारे २,५०० लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कानाला ऐकू येतो.

२००४ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या झीरो-जीने लिऑन आणि लोला हे पहिले दोन आवाज आणले. त्यांचे गायक कोण, हे कंपनीने सांगितलं नाही, आणि वेष्टनावरही चेहरा नव्हता, नुसते ओठ होते. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या मिरियमच्या वेष्टनावर मात्र चेहराही होता आणि नावही: मिरियम स्टॉकली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली, लंडनमध्ये नावारूपाला आलेली ही गायिका संगीतकार कार्ल जेन्किन्सच्या ‘अ‍ॅडिएमस’मुळे जगाला माहीत झाली. १९९५ च्या त्या संगीतातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. अर्थ बाजूला ठेवून केवळ नादासाठी जुळवलेली अक्षरं आहेत ती. ज्या बाईने निरर्थक अक्षरांत प्राण ओतला, तिचाच आवाज पुढे अक्षरांचे तुकडे करून साठवला गेला. मिरियम समजून घ्यायला मला यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही.

कारण मिरियमची ताकद शब्दांत नाहीच. तिला ‘आ’, ‘ऊ’, ‘मं’ असे लांब स्वर द्या, एकावर एक चार थर चढवा, थोडा घुमारा लावा, आणि देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. आवाज हवेशीर आणि मऊ, वरच्या सुरांत चढला तरी बोचत नाही. मात्र तिच्या तोंडी भराभर इंग्रजी शब्द घातले की सांधे दिसायला लागतात. व्यंजनं गिळली जातात, मध्येच धातूवर घासल्यासारखी खरखर येते. इतक्या असंख्य जोड्या सांभाळायच्या म्हटल्यावर त्या काळच्या तंत्राची दमछाक व्हायचीच.

मेइको ५ नोव्हेंबर २००४ ला जपानात आली, क्रिप्टन फ्यूचर मीडियाकडून. आवाज गायिका मेइको हाइगो हिचा. इथे वेष्टनावर फोटो नव्हता, लाल कपड्यांतली चित्रातली मुलगी होती, आणि लोकांनी गायिकेपेक्षा त्या चित्रालाच जास्त जीव लावला. पहिल्या वर्षात तिच्या ३,००० च्या वर प्रती खपल्या, आणि अशा सॉफ्टवेअरसाठी तो आकडा मोठा होता. २००६ मध्ये आलेल्या कायतो या पुरुष आवाजाला सुरुवातीला एवढं नशीब लाभलं नाही, त्याचे दिवस हात्सुने मिकू हा क्रिप्टनचाच पुढचा, तुफान गाजलेला आवाज आल्यानंतर पालटले. पुरुष आवाजच हवा असेल तर लिऑनपेक्षा कायतो घ्या, एवढंच सांगून पुढे जातो.

मेइकोचा आवाज सरळ, भरीव आणि मधल्या पट्टीत खणखणीत आहे. जपानीत एका स्वराला एक व्यंजन अशी साधी घडण असल्याने सांधे कमी पडतात आणि शब्द स्वच्छ लागतो. कडवं-धृपद असं नेहमीचं गाणं बांधायचं असेल तर त्या काळच्या आवाजांत माझी निवड तीच.

आता आपल्या कामाचं. दोन्हींपैकी एकही आवाज मराठीसाठी बनलेला नाही, पण मराठी ओळ घालून पाहण्याचा मोह कुणाला होत नाही! मी दोन साधे शब्द घेऊन बसलो: ‘मन’ आणि ‘तारा’.

‘मन’ मेइकोला देता येत नाही. जपानीत पाचच स्वर, त्यांत आपला ‘अ’ नाही. तिच्याकडे फक्त ‘आ’ आहे, म्हणून ‘मन’चं ‘मान’ होतं आणि ओळीचा अर्थच फिरतो. शिवाय शेवटचा ‘न’ जपानी पद्धतीने स्वतंत्र सूर मागतो, तो न दिल्यास शब्द अर्धवट लटकतो. मिरियमकडे मात्र इंग्रजी ‘कप’मधला स्वर आहे, आपल्या ‘अ’च्या अगदी शेजारचा. उच्चाराच्या चौकटीत तो स्वर हाताने भरला की ‘मन’ म्हणजे ‘मन’च येतं, शेवटच्या ‘न’सकट, एकाच सुरावर.

‘तारा’ला सगळं उलटं. इंग्रजीचा ‘त’ आपल्या कानाला ‘ट’ लागतो आणि ‘र’ तोंडात घोळलेला, म्हणून मिरियम ‘टारा’ म्हणते, एखादी परदेशी पाहुणी म्हणेल तसं. मेइकोची जीभ दातांना लागते, ‘र’ही आपल्यासारखाच पटकन टोला देऊन निघतो, आणि ‘तारा’ ऐकून घरचं माणूस बोलल्यासारखं वाटतं. त्यात आणखी एक सुख. ‘चूल’ किंवा ‘चाक’मधला दंत्य ‘च’ जपानीत आहे, इंग्रजीत तो ‘ट’ आणि ‘स’ जोडून उसना आणावा लागतो. ‘बाळ’ला दोघीही ‘बाल’ म्हणतात. ‘ळ’ कुणाकडेच नाही, त्यामुळे ‘ळ’ची यमकं या कामात टाळलेली बरी.

जुन्या पिढीतच राहायचं एक सबळ कारण आहे आणि ते दोघींना सारखंच लागू पडतं. पहिल्या व्होकॅलॉइडमध्ये आवाजाच्या चार अनुनादांची, म्हणजे आवाजाला त्याचा रंग देणाऱ्या घुमाऱ्यांची, वारंवारता, रुंदी आणि जोर वेगवेगळे हलवता येतात. २००७ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा ही सोय गेली. ज्याला आवाज घडवायची हौस आहे त्याच्यासाठी हा खजिना आहे. मींड हवी असेल तर सुरांमध्ये पिच बेंडची, म्हणजे सूर हळूहळू वर-खाली सरकवणारी, रेघ हाताने ओढा, नाहीतर दोन्ही आवाज पेटीच्या पट्ट्यांवरून उड्या मारल्यासारखे गातात. यात मिरियमची मींड जास्त रेशमी येते. मेइकोला खटके शोभतात.

अडचण मिळण्याची आहे. मूळ मिरियम आणि २००४ ची मेइको आता नव्याने विकत मिळत नाहीत, आणि दोन्ही विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळातल्या. जुनी प्रत कुणी विकत असेल तर परवाना तुमच्या संगणकावर प्रत्यक्ष चालू झालेला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मेइकोला इथे मोठा फायदा आहे. क्रिप्टनने फेब्रुवारी २०१४ मध्ये तिचा तिसऱ्या आवृत्तीचा नवा संच आणला, त्यात जपानीचे चार वेगवेगळे बाज आहेत आणि सोबत इंग्रजीही. म्हणजे ‘मन’ इंग्रजी मेइकोकडून आणि ‘तारा’ जपानी मेइकोकडून, दोन वेगळ्या ट्रॅकवर गाऊन घेता येतं. अनुनादांची ती जुनी बटणं मात्र त्यात नाहीत.

तेव्हा शब्द असलेलं गाणं करायचं असेल, त्यातही मराठी, तर नवी मेइको घ्या आणि दोन ट्रॅकचा खटाटोप करा. चित्रफितीला पार्श्वसंगीत, वृंदगान किंवा नुसता आलाप हवा असेल तर मिरियमची चालू प्रत मिळेपर्यंत थांबा. मी तिच्याकडून पहिल्यांदा ‘आ’ लावून घेतला तो मधल्या ‘सा’वर, आठ मात्रांचा, कंप चौथ्या मात्रेपासून. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.