ओहायोत हरणासाठी ४५० बुशमास्टर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ओहायोत हरणाच्या शिकारीला रायफल चालते, पण .३०८ किंवा .३०-०६ घेऊन रानात गेलात तर तो गुन्हा. इथे काडतुसाची केस (दारू भरलेलं कवच) सरळ भिंतीची लागते, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेली, आणि कॅलिबर, म्हणजे इंचांतला गोळीचा व्यास, .३५७ ते .५० च्या आत लागतं. ही मुभा २०१४ साली मिळाली. त्याआधी बंदुकीच्या हंगामात बहुतेकांच्या हाती शॉटगनच असे, आणि तिच्या स्लगचा (एकसंध जड गोळीचा) धक्का खाल्लेला माणूस या बदलाचं मोल जाणतो. .३०-३० लिव्हर रायफल जुनी आणि मवाळ वाटते म्हणून पुष्कळ जण ती चालेल असं धरून चालतात. तिच्या केसला मान आहे, ती चालत नाही.

आम्ही मार्च ते डिसेंबर वापरलेली रायफल बोल्ट ॲक्शनची आहे: १६ इंची नळी, पुढे धक्का कमी करणारा मझल ब्रेक, दुर्बिणीसकट वजन सुमारे ७ पौंड. काडतूस ४५० बुशमास्टर, २००७ साली बाजारात आलेलं, गोळीचा व्यास .४५२ इंच, केस १.७० इंच.

ही १.७० इंचांची लांबी नीट ध्यानात ठेवा. ओहायोत लांबीची अट नाही, म्हणून १८७३ चं .४५-७० (केस २.१०५ इंच) आणि .४४४ मार्लिन दोन्ही चालतात. मिशिगनने आपल्या दक्षिण पट्ट्यासाठी जो नियम केला त्यात केस १.१६ ते १.८० इंच हवी होती, म्हणजे तीच .४५-७० तिथे बाद. ज्यांचं शेजारच्या राज्यातही जाणं होतं त्यांनी आखूड केसचंच काडतूस घ्यावं आणि दर वर्षी त्या राज्याची चालू पुस्तिका वाचावी.

आता नेमाचं. २५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी कारखान्याच्या आकड्याप्रमाणे सेकंदाला २२०० फूट वेगाने सुटते, ऊर्जा सुमारे २,६८६ फूट-पौंड. हा आकडा २० इंची नळीतला आहे. १६ इंचीत वेग त्याहून कमी पडतो. गोळी जाड आणि बोथट, हवेत भराभर मंदावते. १५० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी दुर्बीण जुळवली, तर १०० ला गोळी दोन-अडीच इंच वर लागते, २०० ला सुमारे सहा इंच खाली. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला २०० यार्डांवर जवळपास १० इंच ढकलतो. १०० वर तोच वारा दोन इंचांचा. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंचांची, तेव्हा १५० पर्यंत निर्धास्त, १७५ ला वारा शांत असेल तरच, आणि त्यापुढे चाप ओढू नये. मक्याच्या कापलेल्या शेतात २५० यार्डांवरचा नर दिसला की हात शिवशिवतात. या काडतुसासाठी ते अंतर नाही.

धक्का खरोखर मोठा आहे. ब्रेक नसताना अशा वजनाच्या रायफलीत हिशेबाने २२ ते २४ फूट-पौंड. ३५० लेजंड या सरळ भिंतीच्या छोट्या काडतुसाचा (१५० ग्रेन, २,३२५ फूट) नऊच्या आसपास. ब्रेक लावल्यावर खांदा सावरतो, पण आवाज कानाला असह्य होतो. रेंजवर प्लग आणि त्यावर मफ, दोन्ही घाला. मचाणावरही कानाला काहीतरी हवंच. एका बैठकीत दहा-बारापेक्षा जास्त राउंड झाडू नका. त्यानंतर माणूस नकळत चाप झटकू लागतो आणि दोष दुर्बिणीला देतो. नव्या शिकाऱ्याला, किंवा ज्याला वर्षातून दोनदाच रेंजवर जमतं त्याला, आम्ही सरळ ३५० लेजंड घ्यायला सांगू. छातीत नीट बसलेली छोटी गोळी पोटात गेलेल्या मोठ्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

या धक्क्याने दुर्बीणही सैल होते. नेम अचानक इकडेतिकडे जाऊ लागला तर आधी रिंगांचे स्क्रू तपासा. तळपट्टीच्या स्क्रूंना पक्कं धरणारं निळं थ्रेडलॉकर, रिंगांना १५ ते १८ इंच-पौंड, तेही टॉर्क पान्याने. डोळ्याचं अंतर साडेतीन इंचांपेक्षा कमी असलेली दुर्बीण घेतली तर भुवई फुटते.

काडतूस वाजलं नाही, फक्त प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) हलका ठसा उमटला, ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण रचनेत आहे. चेंबरमध्ये .४५-७० आपल्या रिमवर (बुडाच्या कडेवर) अडतं, ४५० बुशमास्टर मात्र केसच्या तोंडावर अडतं. घरी भरलेल्या काडतुसांत तोंड आत वळवलं, म्हणजे रोल क्रिंप केला, किंवा केस जास्त कापली गेली, तर काडतूस चेंबरमध्ये हवं त्याहून पुढे सरकतं आणि फायरिंग पिन नीट पोचत नाही. टेपर क्रिंपच करायचा, म्हणजे तोंड आत न वळवता नुसतं आवळायचं, तेही हलकं, आणि प्रत्येक केस कॅलिपरने मोजायची.

गोळीची निवड वेगळी करावी लागते. मऊ टोकाची २५० ग्रेन बरगड्यांमागे बसली तर उत्तम फुलते, पण ५० यार्डांच्या आत खांद्याच्या हाडावर आदळली तर फुटून विखुरण्याचा धोका असतो. दाट झाडीत बसणार असाल तर ३०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट किंवा अखंड तांब्याची गोळी घ्या. पिस्तुलासाठी केलेली .४५२ ची गोळी घरी भरण्याचा मोह टाळा. ती या वेगासाठी केलेली नसते. पेटी बदलली की झिरो पुन्हा तपासायचं. सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाची) पेटी तर सुपरसॉनिकच्या झिरोवर कधीच वापरायची नाही.

मांस मात्र छान राहतं. वेग कमी असल्यामुळे जखमेभोवती रक्ताळलेला भाग थोडाच निघतो, आणि छिद्र मोठं असल्याने पानगळीतही माग दिसतो. हरीण तिथेच कोसळलं नाही तर अर्धा तास थांबून मग माग काढा.

मॅगझिन आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं, अंगावर नारिंगी जाकीट. आणि एच-१बीवर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते, पण परवान्याची मुदत संपली की सूटही संपते आणि घरातल्या कपाटातली रायफल तुम्हाला आरोपी करते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका; तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.