टायगर मॉथमधील वाढदिवसाचे उड्डाण: एका निवृत्त विमान तंत्रज्ञाचा अभिप्राय

जुन्या, उघड्या कॉकपिटच्या द्विपंखी विमानातून फेरी मारण्याची सोय इंग्लंडमधील अनेक लहान धावपट्ट्यांवर आहे, आणि वाढदिवसाची भेट म्हणून तिची कुपने विकत घेण्याची तिकडे चांगलीच पद्धत आहे. माझ्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मुलाने आणि सुनेने असेच एक कुपन माझ्या हाती ठेवले आणि केंब्रिजच्या दक्षिणेकडील एका हिरवळीच्या धावपट्टीवरून मी टायगर मॉथ विमानात अर्धा तास काढला. माझी सारी नोकरी ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये मिग विमानांची जोडणी आणि दुरुस्ती करण्यात गेली, त्यामुळे हा अभिप्राय हौशी प्रवाशाचा कमी आणि तंत्रज्ञाचा अधिक आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. विमान उडते कसे, हे बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इतक्या उघडपणे मांडणारे दुसरे यंत्र आज सहज मिळायचे नाही. ते पाहण्याची हौस असेल तर हा खर्च सार्थकी लागतो, आणि नुसता थरारच हवा असेल तर त्याच पैशांत इतर पुष्कळ गोष्टी करता येतील, असे माझे मत आहे.

द हॅविलंड कंपनीच्या या विमानाने 26 ऑक्टोबर 1931 रोजी पहिले उड्डाण केले आणि पुढे त्याचे आठ हजारांहून अधिक नग तयार झाले. ब्रिटिश हवाई दलाप्रमाणे आपल्या हवाई दलाचे वैमानिकही अनेक वर्षे याच विमानावर शिकले. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगळूरला आमच्याच कंपनीसाठी एचटी-2 या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला, तो टायगर मॉथसारख्या जुन्या विमानांची जागा घेण्यासाठीच. म्हणूनच आमच्या कारखान्यातील ज्येष्ठांच्या बोलण्यात हे नाव अधूनमधून येत असे, परंतु त्याला हात लावण्याचा योग मात्र सत्तरीत आला.

उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून ते नीट पाहू देतात की नाही, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे, कारण माझ्या दृष्टीने निम्मी किंमत तिथेच वसूल झाली. धड पोलादी नळ्यांचे आहे, पंखांचा सांगाडा लाकडी आहे, आणि त्यावर ताणलेल्या कापडाला डोप नावाचा लेप दिलेला असल्यामुळे बोटाने टिचकी मारली तर ते तबल्याच्या पुडीसारखे वाजते. सगळ्या विमानाचे रिकामे वजन जेमतेम पाचशे किलो भरते. मिग-21 चे नुसते इंजिनच याच्या दुपटीहून जड असते. इथले जिप्सी मेजर इंजिन चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, 130 अश्वशक्तीचे आणि उलटे बसवलेले आहे, म्हणजे क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा मुख्य दांडा) वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे नाक खाली राहून वैमानिकाला हवेत पुढचे थोडे अधिक दिसते आणि नाकावरचा फिरता पंखाही (प्रॉपेलर) जमिनीपासून उंच राहतो, पण तेल खाली सिलिंडरमध्ये झिरपत असल्याने या इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

पुढच्या आसनावर प्रवासी आणि मागे वैमानिक, अशी बैठक असते. पुढच्या आसनात शिरणे हे सत्तरीच्या गुडघ्यांना सोपे नाही. खालच्या पंखावर, जिथे पाय ठेवायला परवानगी आहे त्याच पट्टीवर उभे राहून, तारा आणि दांड्यांमधून अंग चोरत आत उतरावे लागते. वजनाची आणि उंचीची मर्यादा सगळीकडे असते आणि ती काटेकोरपणे पाळली जाते, म्हणून भेट देणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी ज्याला भेट द्यायची त्याचे खरे वजन विचारून घ्यावे. वाढदिवसाचा अचंबा थोडा कमी होईल, पण धावपट्टीवरून परत फिरण्यापेक्षा ते बरे.

इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करतात. चाकांना ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी स्किड, म्हणजे घासत जाणारी पट्टी, आहे. जमिनीवर नाक वर असल्यामुळे समोरचे काहीच दिसत नाही, म्हणून वैमानिक विमान नागमोडी चालवत, आलटून पालटून दोन्ही बाजूंना डोकावत धावपट्टीच्या टोकाला जातो. वेग घेताना आधी शेपूट उचलली जाते, मग समोरचे गवत प्रथमच दिसते, आणि ते पुरते पाहून होण्याआधी विमान वर गेलेले असते.

पुढच्या आसनाबद्दल एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. डोक्यावर वरचा पंख आणि दोन्ही बाजूंना खालचा पंख असल्यामुळे सरळ खाली पाहता येत नाही. केंब्रिजचे किंग्ज कॉलेजचे चॅपेल किंवा मॅडिंग्ली येथील अमेरिकन दफनभूमीतील पांढऱ्या खुणांच्या वळणदार रांगा विमान कलवले तेव्हाच नीट दिसल्या. उत्तरेला फेन या पूर्वीच्या दलदलीच्या सपाट प्रदेशात ईलीच्या कॅथेड्रलचा मनोरा दुरूनही ओळखू येतो. ज्यांना देखाव्याची छायाचित्रेच हवी आहेत, त्यांनी वर पंख असलेल्या साध्या बंद सेस्ना विमानातून फेरी घ्यावी. ती स्वस्त पडते आणि खालचे दिसतेही अधिक.

मला मात्र ज्या पंखांनी देखावा अडवला, तेच पाहायचे होते. वरच्या पंखाच्या मध्यभागी पेट्रोलची टाकी आहे आणि तिच्या डोक्यावरील काचेच्या नळीत तरंगणारी काडी किती वर आहे यावरून पेट्रोल किती उरले ते कळते. पंप नाही, विजेच्या तारा नाहीत, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते. दोन पंखांमधील तारांपैकी फ्लाइंग वायर हवेत भार पेलतात आणि लँडिंग वायर जमिनीवर. म्हणून विमान वर गेल्यावर लँडिंग वायर सैलावून बारीक थरथरताना दिसतात. एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, फक्त खालच्या पंखांना आहेत, आणि वैमानिकाच्या हातातील नियंत्रणाची दांडी एका बाजूला नेली की वर जाणारा एलरॉन चांगला उचलला जातो, तर खाली जाणारा जेमतेम हलतो. खाली जाणाऱ्या एलरॉनमुळे विमानाचे नाक उलट्या दिशेला ओढले जाते, तो दोष कमी करण्यासाठी ही युक्ती आहे. ही गोष्ट मी प्रशिक्षणात फळ्यावरच्या आकृतीत शिकलो होतो. इथे ती हात लांब केला तर पोहोचेल इतक्या अंतरावर घडत होती.

वैमानिकाने काही मिनिटे दांडी माझ्या हाती दिली. मिग-21 मध्ये वैमानिकाचा हात आणि एलरॉनसारखे हलते पृष्ठभाग यांच्यामध्ये तेलाच्या दाबाने जोर लावणारा हायड्रॉलिक बूस्टर असतो, त्यामुळे हाताला जो जोर जाणवतो तो कृत्रिमरीत्या निर्माण केलेला असतो. टायगर मॉथमध्ये हाताला थेट हवाच लागते. नाक वर-खाली करणे हलके जाते, कलवणे मात्र जड आणि सुस्त आहे. पायाने रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) दिला नाही तर युक्ती करूनही नाक उलटीकडे घसरते, आणि ते घसरणे गालावर एका बाजूने येणाऱ्या वाऱ्यामुळे उपकरणाकडे न पाहताच कळते. उघड्या कॉकपिटचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. दांडी हाती मिळावी असे वाटत असेल तर उड्डाण धडा म्हणून नोंदवलेले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. नुसत्या प्रवासी फेरीत ती मिळत नाही.

आता उणिवा. हवामानामुळे आमची पहिली तारीख रद्द झाली, त्याबद्दल तक्रार नाही, कारण इतक्या हलक्या विमानाला वारा थोडाही वाढलेला चालत नाही. परंतु तो निरोप आम्ही अर्ध्या वाटेवर असताना आला, आणि त्यांनी सकाळीच फोन केला असता तर हा हेलपाटा टाळता आला असता. विमानात बोलण्यासाठी दिलेल्या हेल्मेटमधील आवाज इतका अस्पष्ट होता, की वैमानिकाचे निम्मे बोलणे वाया गेले. छायाचित्रांचे पैसे वेगळे घेतले जातात, आणि त्यांचा दर्जा पाहता ती घेऊ नयेत. भर उन्हाळ्यातही वर चांगलीच थंडी वाजते. तिथे मिळणारे जाकीट पुरेसे असले तरी हातमोजे आपले आपण न्यावेत. दुपारी जमीन तापली की विमान हेलकावे खाते, म्हणून मळमळण्याची सवय असणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी.

अर्ध्या तासाला अडीचशे पौंडांच्या आसपास खर्च आला. दहा-पंधरा मिनिटांचे स्वस्त कुपनही मिळते, पण त्यातील बराच वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो आणि दांडी हाती येण्याआधी धावपट्टी समोर दिसू लागते, तेव्हा ते घेऊ नये. कसरतींसाठी जास्त पैसे मागितले तर तेही टाळावेत असे मी म्हणेन; तेवढ्या पैशांत सरळ उड्डाणाची मिनिटे वाढवून मिळत असतील तर ती घ्यावीत. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना तिकडे बहुधा बोइंग स्टीअरमन हे द्विपंखी विमान मिळेल, जे टायगर मॉथपेक्षा थोराड आणि अधिक ताकदीचे आहे. आणि नवरा-बायकोला शेजारी बसून जायचे असेल तर वाको जातीच्या विमानाची चौकशी करावी, कारण त्याच्या काही प्रकारांत पुढच्या कॉकपिटमध्ये दोघांना जागा असते.