प्रागचे बुकिंग खरे होते, पैसे मागणारा खोटा

आमचे लग्न १ मे २००० रोजी झाले. तारीख निवडण्यामागे काव्य वगैरे काही नव्हते. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, पाहुण्यांना रजा टाकावी लागत नाही, एवढाच व्यवहारी विचार दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी केला होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठेतरी दूर जायचे ठरले, तेव्हा पत्नीने शोधून काढले की चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये, १ मे हा प्रेमाचा दिवस मानला जातो आणि त्या दिवशी बहरलेल्या चेरीच्या झाडाखाली जिचे चुंबन घेतले जाते ती वर्षभर सुकत नाही, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. "आता तुम्हीच काय ते ठरवा," असे ती म्हणाली, म्हणजे ठरलेलेच होते.

जानेवारी २०२५ मध्ये मी एका मोठ्या बुकिंग संकेतस्थळावरून माला स्त्राना या जुन्या भागात, काम्पा बेटाच्या जवळ, एका लहानशा हॉटेलातील खोली चार रात्रींसाठी राखून ठेवली. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये ज्याची पायाभरणी केली तो पूल तिथून चालत पाच मिनिटांवर होता. भाडे ६४० युरो, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे आणि कार्डाचा क्रमांक केवळ हमी म्हणून. न्याहारीला अंड्याशिवाय काही मिळेल का, असे मी त्या संकेतस्थळाच्या ॲपमधूनच हॉटेलला विचारले होते आणि दोन दिवसांत नम्र उत्तरही आले होते. हा तपशील मुद्दाम सांगतो, कारण पुढची फसवणूक नेमकी त्याच संवादात, त्या उत्तराच्या खाली येऊन बसली.

मार्चमध्ये आम्ही शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, अर्ज केला. माणशी ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा, विमानाची तिकिटे, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि अर्थातच हॉटेलचे बुकिंग, असा जाडजूड गठ्ठा देऊन दोघांचे पासपोर्ट जमा केले. ज्यांनी हा सोपस्कार केला आहे त्यांना ठाऊक असेल की पासपोर्ट परत येईपर्यंतच्या दिवसांत माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि त्या काळात कोणी "तुमचे बुकिंग रद्द होऊ शकते" एवढे म्हटले तरी पोटात गोळा येतो.

रंगपंचमीच्या आदल्या रात्री, साधारण पावणेदहाला, ॲपवर हॉटेलचा निरोप आला. आपल्या कार्डाची पडताळणी पूर्ण झालेली नाही. बारा तासांच्या आत ती न केल्यास व्यवस्थेकडून बुकिंग आपोआप रद्द होईल. पडताळणीसाठी ६४० युरो तात्पुरते रोखले जातील आणि लगेच परत केले जातील. खालील लिंक वापरावी. निरोपात माझे पूर्ण नाव होते, तारखा होत्या, बुकिंग क्रमांक होता, आणि त्याच्या अगदी वरच्या ओळीत न्याहारीबद्दलचे हॉटेलचे जुने, खरे उत्तर दिसत होते. शंका घ्यावी तरी कशावर?

लिंक उघडल्यावर आलेले पान त्या संकेतस्थळाचेच वाटावे असे होते: तेच रंग, तीच अक्षरे, आमच्या खोलीचे छायाचित्र, रक्कम आधीच भरलेली. खाली मदतीसाठी गप्पांची एक लहान चौकटही होती, आणि मी काही विचारण्यापूर्वीच तिच्यातून कोणीतरी मला धीर देऊ लागले होते. पानाच्या पत्त्यात संकेतस्थळाचे नाव होते, पण त्याला आडवी रेघ देऊन आणखी दोन शब्द जोडलेले होते आणि शेवट भलताच होता. हे मला दुसऱ्या दिवशी दिसले. त्या रात्री मी चष्मा लावलेला असूनही वाचले नाही.

मी कार्डाचा तपशील भरला. बँकेकडून ओटीपी आला, तो भरला. पान थोडा वेळ फिरत राहिले आणि "व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा" असे आले. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ओटीपी आला, पुन्हा भरला. त्या दोन्ही संदेशांत सहा आकड्यांच्या आधी स्पष्ट लिहिले होते की ६४० युरोंची खरेदी होत आहे, आणि ज्या दुकानाला पैसे जाणार त्याचे नाव ना हॉटेलचे होते, ना संकेतस्थळाचे. माझी सत्तावीस वर्षे लेखापरीक्षणात गेली आहेत. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर कोणाला पैसे गेले ही ओळ मी सगळ्यात आधी वाचतो. स्वतःच्या फोनवर मात्र माझी नजर सरळ सहा आकड्यांवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात दोन खरेद्या दिसल्या. १,२८० युरो, त्यावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी, मिळून सुमारे सव्वा लाख रुपये. मी हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दूरध्वनी क्रमांक घेऊन फोन केला. स्वागतकक्षातील बाईंनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच विचारले, "आपण पैसे भरले का?" त्यांच्या आवाजातील थकव्यावरून मी पहिला नव्हतो हे कळले.

हे कसे घडते ते त्यांनी नंतर सांगितले, आणि तेवढा भाग प्रत्येकाने समजून घ्यावा. हॉटेलला पाहुण्याच्या नावाने एक ई-मेल येतो: मुलाला ॲलर्जी आहे, डॉक्टरांचे पत्र जोडले आहे, किंवा मागच्या मुक्कामाबद्दल तक्रार आहे, छायाचित्रे पाहा. घाईत असलेला कर्मचारी ती फाइल उघडतो आणि त्या संगणकात शिरलेले सॉफ्टवेअर हॉटेलचा बुकिंग संकेतस्थळावरील लॉगिन चोरते. त्यानंतर चोराला पुढच्या काही महिन्यांची सगळी बुकिंगे दिसतात आणि तो हॉटेलच्याच खात्यातून, अधिकृत संवादातून, पाहुण्यांना निरोप पाठवू शकतो. त्यामुळे "अनोळखी क्रमांकावरून आलेल्या संदेशावर विश्वास ठेवू नका" हा आपण सगळे एकमेकांना देत असलेला सल्ला इथे कुचकामी ठरतो. संदेश ओळखीच्या जागेवरूनच आलेला असतो.

तो ओळखण्याची खूण मजकुरात असते. पैसे पोचल्यावर द्यायचे असे बुकिंगच्या वेळी ठरले असताना मध्येच पैसे किंवा पडताळणी मागणे, त्यासाठी काही तासांची मुदत घालणे आणि ॲपच्या बाहेर जाणारी लिंक देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबावे. मूळ पुष्टिपत्रातील देयकाच्या अटी पुन्हा वाचाव्यात आणि हॉटेलला फोन करावा. निरोपात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर. तो फोन मला पन्नास रुपयांच्या आत पडला. बुकिंग रद्द झाले तर व्हिसाचे काय, ही भीती मला होती, पण मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची होती आणि प्रागमध्ये तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. तिथे फोन उचलायला माणूस बसलेला होता.

कार्ड बंद केले, १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवले. हे मी सकाळी केले. रात्रीच करायला हवे होते, कारण १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकामुळे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की ग्राहकाची जबाबदारी शून्य, असे मला मोघम ठाऊक होते आणि त्यावर मी थोडा निर्धास्तही होतो. परिपत्रक नीट वाचल्यावर कळले की ते संरक्षण ग्राहकाचा हात नसलेल्या व्यवहारांना आहे. ओटीपीसारखा तपशील ग्राहकाने स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. माझे दोन्ही व्यवहार कळवण्यापूर्वीचे होते.

व्हिसा आला. हॉटेलचे मूळ बुकिंग जसेच्या तसे होते, कारण ते रद्द होणारच नव्हते. एप्रिलच्या शेवटी आम्ही प्रागला पोचलो तेव्हा स्वागतकक्षाच्या काचेवर चार भाषांत छापलेला कागद लावलेला होता: आम्ही लिंक पाठवून पैसे मागत नाही. मी ६४० युरो दुसऱ्यांदा भरले. खरे तर तिसऱ्यांदा.

एकदा पोळल्यामुळे तिथे एक नुकसान मात्र टळले. प्रागमध्ये युरो नव्हे, कोरुना चालतो, हे विसरून अनेक जण जुन्या शहराच्या चौकाभोवतीच्या चलनबदल दुकानांत शिरतात. बाजारभाव एका युरोला सुमारे २५ कोरुना असताना मला २०० युरोंचे ३,४०० कोरुना मिळाले, म्हणजे युरोला १७. नोटा मोजतानाच पत्नीने भुवई उंचावली. चेक कायद्यात २०१९ पासून तरतूद आहे की १,००० युरोंपर्यंतच्या रकमेचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र हवी. निघण्यापूर्वी मी या वेळी सगळे वाचून ठेवले होते. पावती दाखवून कायद्याचा उल्लेख केल्यावर खिडकीतल्या माणसाने हुज्जत न घालता २०० युरो परत सरकवले, यावरून त्याला तो कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ असावा. रस्त्यात उभे राहून "जास्त दर देतो" म्हणणाऱ्यांशी बोलूही नये; ते कोरुना म्हणून बल्गेरियाच्या बाद झालेल्या जुन्या नोटा हातावर ठेवतात आणि गर्दीत नाहीसे होतात.

१ मे रोजी सकाळी पेट्रिन टेकडीवर गेलो. कारेल हिनेक माखा या कवीच्या पुतळ्यापाशी फुले वाहिलेली होती आणि जवळच्या झाडाखाली जोडप्यांची रांग होती: शाळकरी मुले, काठी टेकत आलेले आजी-आजोबा, आणि आम्ही, पुण्याच्या सवयीप्रमाणे थोडे अवघडलेले. चेरीचा बहर ओसरत आला होता, पण आमच्या फांदीवर फुले शिल्लक होती. आमची पाळी येणार तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. बँकेचा संदेश होता: ओटीपीची पुष्टी झालेली असल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे किती दिवसांत जाता येते, याचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या मनात करू लागलो.

"अहो," पत्नी म्हणाली, "तो फोन आधी खिशात ठेवा."

मागच्या जोडप्याला ते मराठीतूनही कळले असावे. ते हसले. मी फोन ठेवला.