जिप्सीच्या टपाखालची पट्टी आणि माझे 23,700 रुपये

जूनपासून तोंड शिवून बसलो होतो. गाडीतलं कळतं म्हणून ज्याला चार लोक विचारतात, तोच फसला हे सांगणार कसं? पण परवा चोपड्याच्या एका मित्राने, मला ज्याने फसवलं त्याच डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा नंबर मागितला, तेव्हा म्हटलं, आता लाज गेली खड्ड्यात.

गाडी नानांची. 1998ची जिप्सी किंग, पांढरी, वर फायबरचा टप. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला जायचं म्हणजे बोल्ट खोलून चौघांनी टप उतरवायचा, ही आमच्या घरची रीत. अशी गाडी असणाऱ्यांना सांगायला नको, टपाचं रबर बॉडीच्या काठावर जिथे टेकतं तिथे धूळ शिरते, गाडी हादरते आणि तीच धूळ पॉलिशपेपरसारखी रंग खाते. गेल्या डिसेंबरात टप काढला तर काठाला प्रायमर दिसत होता.

ओळखीतूनच एक डेंटिंग-पेंटिंगवाला मिळाला. आवारात दोन जुन्या जीपा उभ्या, बोलणं गोड. काठावर पीपीएफची (रंग वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) पट्टी 14,500, नवीन बीडिंग रबर 6,200, टचअप आणि मजुरी 3,000. एकूण 23,700. दहा हजार यूपीआयने, तेही दुकानाच्या नाही, कुणा भलत्याच नावाच्या खात्यात. बाकीचे 13,700 रोख. नाना म्हणाले होते, "कशाले रे भो एवढा खर्च?" मी त्यांनाच पीपीएफ म्हणजे काय ते समजावत बसलो.

आणि तो क्षण. पट्टी कापताना एक तुकडा खाली पडला. मी उचलून ओढला. ताणला गेला नाही, दुमडला तिथे पांढरा पडला. खरं पीपीएफ पॉलियुरेथेनचं असतं, रबरासारखं ताणतं, बारीक ओरखडा गरम पाण्याने भरून येतो. हे मला माहीत होतं! मी विचारलंही. तो म्हणाला, "थंडीमुळे कडक झालंय भाऊ." जळगाव जिल्ह्यात, फेब्रुवारीत, भर दुपारी, थंडी. आणि मी मान डोलावली. तो तुकडा खिशात टाकला असता तरी आज पुरावा असता. रोलवर कंपनीचं नाव नव्हतं, तेही पाहिलं होतं.

दुसरं, मंगळवारी टचअप आणि बुधवारी वर पट्टी. ताजा रंग किमान महिनाभर उघडा राहू द्यावा लागतो, आतलं थिनर उडून जायला. पण दोनदा शंका काढली की आपणच भांडखोर ठरतो ना. गप्प बसलो.

एप्रिल-मेचं ऊन खाऊन जूनमध्ये तोरणमाळला जायला टप उतरवला. पट्टी पिवळी, कडक. ओढली तर रंगासकट सोलून आली. रबर टेकायचं तिथे तपकिरी डाग, पुसून निघत नाही, आणि मागच्या कोपऱ्यात गंज. नवा रंग लावायला 11,800 वेगळे गेले.

चौकीत गेलो तर, "काम बिघडलं, यात फसवणूक कुठे? दिवाणी मामला आहे." वर सल्ला, "एवढी जुनी गाडी विकून का टाकत नाही?" एका कार्यालयात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा बिल आणा, तिसऱ्यांदा हे बिल नाही, कच्चा कागद आहे. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, हे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही, मी रात्री बसून वाचलं. मग खुर्च्या कशाला उबवतात?

जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या, त्यावर फिल्मचं नाव लिहून घ्या. हा घोळ नको असेल तर महिन्यातून एकदा टप सैल करून काठ ओल्या कापडाने पुसा, रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन, इंजिन ऑइल अजिबात नको, बीडिंगचं ईपीडीएम जातीचं रबर त्याने फुगतं.

दावा लिहायला घेतलाय. यूपीआयचा दहा हजारांचा स्क्रीनशॉट आहे. 13,700च्या रकान्यात काय जोडू, तेच कळत नाहीये. आवारातली माणसं ओळख दाखवत नाहीत आणि त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय.