सालगडी की रोजंदार? 18व्या शतकातल्या इंग्लिश शेतकऱ्याचा हिशेब

साल 1770 धरा. दक्षिण इंग्लंडमधला दोनशे एकरांचा शेतकरी, दावणीला सहा घोडे, डझनभर दुभत्या गाई. मिकेलमस, म्हणजे 29 सप्टेंबर, तोंडावर आलाय आणि माणसं ठरवायचीत. एकतर मालकाच्याच घरात राहणारा, वर्षाच्या बोलीवरचा बिनलग्नाचा गडी घ्यायचा. नाहीतर गावातून रोज येणारा संसारी मजूर. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसाच हा पहिला व्यवहार. भरतीच्या बाजारात मेंढपाळ टोपीला लोकरीची बट लावून उभा राही, गाडीवान चाबकाच्या दोरीचा तुकडा. बोली जमली की हातावर विसाराचं नाणं. (उत्तरेत हाच बाजार मार्टिनमसला, 11 नोव्हेंबरच्या सुमारास भरे.)

आधी जनावरं मोजावीत, मजुरी नंतर. सहाला नांगर जुंपायचा तर घोड्यांना चारच्या सुमारास दाणा पडायला हवा. घाईत खाऊ घालून लगेच कामाला लावलं की पोटशूळ उठतो, आणि ऐन पेरणीत एक घोडा आडवा म्हणजे अख्खी जोडी उभी. मैलभर चालत येणाऱ्या मजुराच्या भरवशावर हे होत नाही, रविवारी तर नाहीच. गाईंचंही तेच: दोन वेळा धार, वर लोणी-चीज. दहाएक गाईंमागे एक बाई धरावी, तीही घरातच राहणारी. हे गडी-मोलकरणी बहुतेक 15 ते 24 वयाचे. लग्न झालं की खोपट भाड्यानं घेऊन रोजंदार होत.

पैशाचं गणित वेगळं. सालाचा पगार बहुधा अखेरीला एकरकमी, त्यामुळे वर्षभर रोकड मालकाकडेच. गडी मध्येच पळाला तर पगार बुडतो आणि न्यायाधीश त्याला कोठडीतही धाडतो. पण तो आजारी पडला तरी साल भरेपर्यंत पोसावा लागतो. रोजंदाराचा पावसातला खाडा त्याच्याच अंगावर. मात्र सुगीत तोच मजूर चढा भाव मागतो, कापणी उक्ती घेतो आणि वर बिअर.

एक खाच जाणत्यांना ठाऊक असे. 1697 पासून बिनलग्नाच्या गड्यानं पूर्ण वर्ष काढलं की त्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या गावात) त्याचा गरीब-मदतीवर हक्क लागे, आणि त्या मदतीची पट्टी शेतकरीच भरत. म्हणून बोली 51 आठवड्यांची! ही पळवाट सरसकट वापरू नये. चांगला घोडेवाला अशानं दुसऱ्या मालकाकडे जातो. हा नियम 1834 साली गेला.

तोवर दक्षिणेत पारडं रोजंदाराकडे झुकलंच होतं. आठ बुशेल (बुशेल म्हणजे धान्याचं माप) गव्हाचा सरासरी भाव 1792 मध्ये 43 शिलिंग होता, 1812 मध्ये 126 वर गेला. अशात चार तरण्या गड्यांना जेवू घालणं कोणाला परवडणार? त्यात लोकसंख्या वाढलेली, मजूर हवे तेवढे.

म्हणून नांगरट, कापणी, मळणीला रोजंदार घ्यावेत. गोठा आणि तबेला मात्र सालगड्यांकडेच. घरात परकी तोंडं नको असतील तर उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या ईस्ट रायडिंग भागाची तोड बरी. तिथं ही पद्धत विसाव्या शतकातही टिकली. पोरं मुकादमाच्या घरी राहत, त्याला ‘हाइंड’ म्हणत. खानावळीचा ठरीव पैसा मालक देई आणि रांधायचं काम हाइंडच्या बायकोकडे.