ऑनलाइन शाळा: १० मुलांची बॅच घ्यायची की ५० ची?

मुलासाठी ऑनलाइन शाळा बघताय, एकीकडे ८-१० मुलांची बॅच आणि दुसरीकडे ४०-५० जणांचा वर्ग, शिकवणारे दोन्हीकडे बरे वाटतायत आणि ठरत नाहीये, असं असेल तर हे वाचा. मी दोन्ही प्रकारचे वर्ग ऑनलाइन घेतलेत. माझं मत आधीच सांगून टाकते, मूल प्राथमिकला असेल किंवा पाया कच्चा असेल तर छोटी बॅचच घ्या. पण का घ्यायची ते नीट कळलं पाहिजे, नाहीतर छोट्या बॅचच्या नावाखाली भलतंच काहीतरी गळ्यात पडतं.

आधी साधा हिशोब करू. तास ४० मिनिटांचा, त्यात २० मिनिटं टीचर बोलणार असं धरा, उरली २०. मुलं १० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटं, ४० असतील तर ३० सेकंद. आणि ऑनलाइनमध्ये त्या ३० सेकंदातले निम्मे तर "अनम्यूट कर", "आवाज येतोय का" यातच जातात. मग टीचर काय करणार, ज्या चार-पाच जणांचा हात पटकन वर येतो त्यांनाच विचारत राहणार, आणि बाकीची पोरं कॅमेरा बंद करून बसणार.

खरा फरक मात्र वेळेपेक्षा चूक दिसण्याचा आहे. ४०२ वजा १७८ हे गणित घ्या. माझ्या छोट्या बॅचमध्ये एका मुलीने ३७६ लिहिलं होतं. मी सगळ्यांना वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावते, तिची बघितली आणि विचारलं, कसं केलंस सांग बरं. म्हणाली, २ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधून २ घालवले, मग ७ मधून ०, मग ४ मधून १. म्हणजे तिला वजाबाकी येत होती, हातचा कुठून आणायचा ते येत नव्हतं, आणि मध्ये शून्य असल्याने तर सगळंच अडलं होतं. एक शतक सुटं करून १० दशक, त्यातला एक सुटा करून १० एकक, असं कागदाच्या गठ्ठ्यांवर करून दाखवलं आणि २२४ तिचं तिनेच काढलं. हेच गणित मी मोठ्या वर्गात पोलवर टाकायचे तेव्हा ग्राफमध्ये एवढंच कळायचं की किती जण चुकले. बरोबर उत्तर स्क्रीनवर आलं की चुकलेली मुलं ते गुपचूप वहीत उतरवून घेतात, आईबाबांना वही नीटनेटकी दिसते आणि ती चूक पुढे भागाकारापर्यंत तशीच जाते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात मुलाचा काही दोष नसतो.

दुसरं म्हणजे उत्तर देण्याआधी मुलाला गप्प बसून विचार करायची मुभा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की टीचर प्रश्न विचारून साधारण १ सेकंदच थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबलं की मुलं जास्त बोलतात, जास्त विचार करून बोलतात. ५० जणांच्या व्हिडिओ कॉलवर ती ३ सेकंदांची शांतता टीचरला फार जड जाते, नेट गेलं की काय असंच वाटतं. १० जणांत चेहरे दिसतात, कोण विचार करतंय ते कळतं, म्हणून थांबता येतं.

आता "मोठा वर्ग आहे पण असिस्टंट टीचर दिलीये" असं सांगणाऱ्यांबद्दल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून ४ वर्षं स्टार नावाचा मोठा प्रयोग झाला, बालवाडी ते तिसरीची मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेगवेगळ्या वर्गांत वाटली, १३ ते १७ मुलांचे छोटे वर्ग, २२ ते २५ चे नेहमीचे, आणि तेवढ्याच मुलांचे पण टीचरसोबत मदतनीस दिलेले. वाचन आणि गणितात छोटे वर्ग पुढे गेले, गरीब घरातल्या मुलांना फायदा जास्त झाला, आणि मदतनीस दिल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. हे समोरासमोरच्या शाळेतलं आहे, ऑनलाइनचं नाही, पण असिस्टंट फक्त चॅट सांभाळणार असेल तर इथेही वेगळं काही होईल असं मला वाटत नाही. ती रोज वह्या तपासून मुलाशी बोलणार असेल तर गोष्ट वेगळी.

छोट्या बॅचची दुसरी बाजूही बघा. अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्याने १९९६ मध्ये खालच्या इयत्तांचे वर्ग एकदम २० मुलांवर आणायला घेतले, तेवढे शिक्षकच नव्हते, मग पुरेसं प्रशिक्षण नसलेले बरेच जण घ्यावे लागले. म्हणजे आकडा छोटा पण शिकवणारा कच्चा, तर हाती फार काही लागत नाही. आणि छोट्या बॅचमध्येही टीचर ४० मिनिटं स्लाइडच वाचणार असेल तर १० काय न ५०० काय, रेकॉर्डिंग बघितलेलं बरं. फार छोटी, म्हणजे ३-४ जणांची बॅचही मला आवडत नाही, दोघं गैरहजर राहिले की चर्चाच होत नाही आणि बुजरं मूल सारखं आपल्यावर नजर आहे म्हणून आणखी आखडतं. ८ ते १२ मला बरं वाटतं.

मोठा वर्ग वाईटच असं नाही हं. नववी-दहावीच्या पुढचं मूल, स्वतः अभ्यास करणारं, डाउट आला की विचारायला न लाजणारं, किंवा नुसती रिव्हिजन हवी असेल, तर उत्तम शिकवणाऱ्याचा मोठा वर्ग मिळाला तर जरूर घ्या. फीसुद्धा बहुतेक वेळा कमी असते, उरलेल्या पैशात आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी वही तपासून घ्या, हे कॉम्बिनेशन मोठ्या मुलांना छान चालतं.

ॲडमिशनच्या आधी दोन गोष्टी विचारा. १० हा आकडा सरासरी आहे की जास्तीत जास्त, आणि वर्षाच्या मध्ये बॅचेस एकत्र करतात का. सरासरी असेल तर तुमचं मूल १८ च्या बॅचमध्ये बसू शकतं. आणि डेमोवर जाऊ नका, डेमोला मुलं कमीच असतात, नेहमीचा चालू तास बघायला मागा. बाजूला बसा, शिकवणं किती भारी वाटतंय ते सोडून द्या, कागदावर फक्त एवढं लिहा की टीचरने किती वेगवेगळ्या मुलांना नावाने हाक मारली आणि "कसं केलंस?" हे किती वेळा विचारलं.