ब्रह्मदेशी चांदीचा वाडगा: जुना की नवा?

जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचं, उठावकाम असलेला वाडगा घ्यायचाय, पण ब्रिटिश काळातला की म्यानमारमधल्या सगाइंगजवळच्या यवाताउंग गावात आज घडवलेला?

आधी काम बघा. रंगून-मौलमेनच्या जुन्या कारागिरांनी भिक्षापात्राचाच घाट घेऊन गोऱ्या साहेबांच्या दिवाणखान्यासाठी वाडगे घडवले. आतून राळ भरून पत्रा ठोकत आकृत्या इतक्या वर आणल्या, की वेस्संतर जातकातला हत्ती बाजूने पाहिला तरी सुटा दिसतो. नव्या कामात उठाव बहुधा उथळ, चेहरे एकसारखे. अपवाद आहेत, पण ते स्वस्त नसतात.

किंमत? नव्याचे पैसे वजन अधिक मजुरी असे, हिशेब सरळ. जुन्याला हौसेचा भाव. त्यात शिक्का बहुतेकदा नसतोच, म्हणून चांदीचा कस तपासूनच घ्या. ‘राजघराण्यातला’ वगैरे ऐकून सोडून द्या.

जुना वाडगा फार घासू नका, उठावाची टोकं झिजतात, भोकंही पडतात. शिवाय शंभरी ओलांडलेली वस्तू म्यानमारबाहेर परवानगीशिवाय नेता येत नाही.

संग्रह करायचा असेल तर जुना, कागदपत्रांसह. भेट द्यायला किंवा रोज फुलं ठेवायला नवा बरा.